पाना न लावता

"स्टेअरिंगला दोन बोटं ढील हाय. लिहून घ्या कुणीतरी," दस्तगीर मिस्त्री गाडीखालून म्हणाले.

मला त्यांची फक्त पावलं दिसत होती आणि पायजम्याच्या वळलेल्या कडा. उत्तमनं शर्टाचे खिसे चाचपले. मी मैथिलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, आत गेले आणि फळीवरची तिच्या औषधपाण्याची वही आणली. तिची मागची पानं कोरी होती.

"सांगा चाचा."

"सूनबाई लिहिणार? मग सावकाश सांगतो."

सायलेन्सर खालून कुजलेला. मागचा डावा टायर गुळगुळीत. स्प्रिंगच्या पाट्यांचं एक पान तुटलेलं, पण चालेल. मिस्त्री बाहेर आले, धूळ झटकली, उत्तमला इंजिन चालू करायला सांगितलं आणि डोळे मिटून उभे राहिले. इंजिन खोकत चालू झालं, मग एका लयीत आलं. धूर आधी काळा, मग जवळजवळ नाहीच.

"इंजिन चांगलं हाय," ते डोळे न उघडता म्हणाले. "त्याच्यासाठी घेतली असशील तर फसला न्हाईस."

"आणि ब्रेक?" मी विचारलं.

ते आत बसले. पायानं दोनदा धपाधप दाबलं.

"टाईट."

मी लिहिलं, ब्रेक टाईट.

मिस्त्री रिकाम्या हातानं आले होते. पान्यांची पेटी त्यांनी गॅरेजमध्येच ठेवली होती, कारण आत्तींनी तसं बजावलं होतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात नवीन गाडी, मग ती कितीही जुनी असो, कुलदैवताच्या पायरीला लागून येईपर्यंत तिला नाव ठेवायचं नाही आणि तिला पाना लावायचा नाही. माझ्या सासऱ्यांनी ट्रॅक्टर आणला तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी खोलला होता, आणि वर्षाच्या आत ते गेले. त्या दोन गोष्टींचा संबंध काय, असं मी लग्नानंतर एकदाच विचारलं होतं.

आमचा रवळनाथ खाली कोकणात. आजऱ्याहून निघायचं, आंबोलीपर्यंत चढायचं आणि मग घाट उतरायचा. रविवारी जायचं ठरलं होतं. मागं फळीत, म्हणजे गाडीच्या उघड्या हौद्यात, दहा माणसं, पुढं उत्तम, मी, आत्ती आणि माझ्या मांडीवर चौदा महिन्यांची मैथिली.

उत्तम पुण्यात एका कंपनीत स्टोअरकीपर होता. कंपनी बंद पडली आणि आम्ही गावी आलो. काजूचा हंगाम तोंडावर होता. गावोगावचा काजू कारखान्यांत पोचवायचा धंदा त्यानं धरायचा ठरवला, म्हणून ही पिकअप. बेळगावकडच्या एका भाजीवाल्याची होती. मागच्या फाळक्यावर कुणाकुणाची नावं रंगवलेली होती, अर्धवट खरवडलेली.

मी समोर त्याला अहो म्हणायचे. मनात उत्तम.

---

मैथिली आठव्या महिन्यात झाली. एकोणीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी पेटीबाहेर स्टुलावर. त्या एकोणीस दिवसांत मला एकच काम होतं. छाती वर जाते का, खाली येते का, बघायचं. घरी आल्यावर ते काम माझ्याकडून कुणी काढून घेतलं नाही.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिचे ओठ मला निळे दिसले. चुलत दिराच्या, धनाजीच्या सुपारीचा कार्यक्रम अर्धा टाकायला लावून मी सगळ्यांना गडहिंग्लजच्या दवाखान्यात पळवलं. डॉक्टरांनी कापसाचा बोळा ओला केला आणि ओठ पुसले. बोळा निळा झाला. पोरीनं पेनातली रिफिल चोखली होती.

तेव्हापासून मी काही म्हणाले, की धनाजी म्हणायचा, "वहिनी, रिफिल बघा आधी." सगळे हसायचे. मीही हसायचे. दुसरं काय करणार?

घरात माणसं पुष्कळ होती, पण बोलायला कुणी नव्हतं. दुपारी तर नाहीच. आत्ती जरा पडायच्या, उत्तम काजूवाल्यांच्या भेटीगाठीला जायचा. पत्रा तापला की मैथिली झोपायची नाही. गाडी आल्यानंतर तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मी तिला घेऊन अंगणात फेऱ्या मारत होते. फणसाखाली पिकअप उभी होती. काचा खाली केल्या तर आत वारा खेळत होता. मी चढून बसले आणि पाच मिनिटांत ती माझ्या खांद्यावर झोपली.

शेजारच्या सीटची स्प्रिंग वर आलेली होती, म्हणून मी ड्रायव्हरच्या जागी बसले होते. अंगणाला थोडा उतार आहे. चाकांना दगड लावलेले होते, गाडी गिअरमध्ये होती, हे सगळं मी चढायच्या आधी बघितलं होतं. तरी ब्रेकवर पाय ठेवून बसले. पोर मांडीवर असताना उतारावरच्या गाडीत मी ब्रेकवरून पाय काढणं शक्यच नव्हतं.

आधी वाटलं, पायाला मुंग्या येतायत. मग लक्षात आलं, पाय खाली चाललाय. अगदी हळू. कुणीतरी माझ्या पायाखालची जमीन सावकाश काढून घेत असावं तसा. दाबत नव्हते, नुसता ठेवला होता. पेडल जात जात तळाला टेकलं.

पाय उचलला, एकदा जोरात दाबला. पेडल वर, टाईट. पुन्हा नुसता ठेवला. पुन्हा खाली.

मैथिलीचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. मी तासभर तिथंच बसले आणि हे सोळा वेळा करून बघितलं.

---

गुरुवारी दुपारी पट्टी आणि घड्याळ घेऊन बसले. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं माझं. तीन वेळा मोजायचं आणि सरासरी काढायची, ही सवय सुटलेली नव्हती. एक्केचाळीस सेकंद, अडतीस, एक्केचाळीस. वहीत 'ब्रेक टाईट'च्या खाली लिहिलं. उतरून गाडीखाली वाकून बघितलं, जमीन कोरडी. बॉनेट उघडायचा खटका शोधायला थोडा वेळ लागला, पण सापडला. ब्रेकच्या तेलाच्या डबीला खूण केली होती, तेल खुणेवरच होतं. म्हणजे बाहेर काही जात नव्हतं. जे काही होत होतं ते आतल्या आत.

संध्याकाळी उत्तम आला. दगडावर उभा राहून पाय धूत होता.

"अहो, ब्रेक आपोआप खाली जातोय."

"कुठला ब्रेक?"

"गाडीचा. पाय ठेवून बसलं की. चाळीस सेकंदांत तळाला."

"उभ्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवून कोण बसतं?"

"मी बसते."

तो हसला. हसताना माझ्याकडे बघितलं नाही, टाचेची माती काढत राहिला. "जुन्या गाड्यांचं असतंच तसं. दोनदा मारला की लागतो."

"मिस्त्रींना एकदा विचारा."

"मिस्त्रींनी बघितलाय की. टाईट म्हणाले. तूच लिहिलंयस."

"झटका मारून बघितला त्यांनी. धरून नाही बघितला."

आतून आत्तींचा आवाज आला. "वृषाली, गाडीम्होरं असलं बोलू नको. देवाला जाऊन येऊ दे. मग काय ती नावं ठेव."

"नाव ठेवत नाही आत्ती."

"मग काय आरती करालाईस?"

उत्तमनं तोंडावर पाणी मारलं आणि टॉवेल घेऊन आत गेला.

---

शुक्रवारी मैथिलीला कडेवर घेऊन मी दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजवर गेले. घरी सांगितलं, डोस द्यायचाय. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढं काळं पडलेलं अंगण. त्यांनी मला बघितलं आणि खुर्चीवरचं कापड स्वतःच्या हातानं झटकलं.

"बसा सूनबाई. चहा सांगू?"

"नको." मी वही उघडून पुढं धरली.

चष्मा कपाळावरून खाली आला. ते वाचत राहिले. एवढ्या तीन ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. पाय ठेवून बसले होते."

"चाळीस," ते म्हणाले. "त्याला पंचेचाळीस आलं होतं."

"कुणाला?"

त्यांनी हातातला बोळा नीट घडी घातल्यासारखा दुमडला.

"उत्तमला. मंगळवारी आला होता. असाच. घड्याळ लावून मोजलंय म्हणाला."

मैथिली खाली उतरायला धडपडत होती. मी तिला घट्ट धरलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? चूक माझी. सोमवारी मी झटके मारले. झटक्याला तो धरतो. दाबून धरायला पायजे होतं. आतला रबर गेलाय. तेल सांडत न्हाई, आतल्या आत मागं सरकतं. गावात फिरायला कळणारबी न्हाई. घाटात ब्रेकवर पाय ठेवूनच उतरायला लागतं, तिथं कळंल."

"किती वेळाचं काम आहे?"

"तासाचं. फार तर दीड."

"मग करून टाका ना."

"उत्तम म्हणाला, देवाला जाऊन आल्यावर. घाट गिअरमध्ये उतरतो म्हणाला. मी म्हणालो, एकटा असशील तर उतर. बारा-तेरा माणसं घिऊन नको. तो म्हणाला, बघतो." त्यांनी बोळा खिशात घातला. "आणि म्हणाला, घरात बोलू नका चाचा."

"आत्तींना?"

"आत्तींना, आणि..." ते मैथिलीकडे बघायला लागले. "काय गं बाळ, दात किती आले?"

"आणि मला," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा परत कपाळावर सरकवला.

"चाचा, तुम्ही आत्तींना सांगा. तुमचं ऐकतील."

"तुमच्या सासऱ्यांचा ट्रॅक्टर मीच खोलला होता, सूनबाई," ते म्हणाले. "चौदा वर्षं झाली. रस्त्यात भेटल्या तर बोलतात. बरं हाय का दस्तगीर, पोरं बरी का. पण मी त्यांच्या अंगणात पाना घिऊन जाणार न्हाई. त्यांनी बोलवल्याबिगर न्हाई."

निघताना त्यांनी मैथिलीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. मी घरी येईपर्यंत तिनं त्याचा चुरा केला होता. वाटेत मी कितीतरी वेळा मनात म्हणून बघितलं, पंचेचाळीस. माझे चाळीस, त्याचे पंचेचाळीस. त्याचा पाय माझ्यापेक्षा हलका पडला असेल. किंवा घड्याळ थांबवायला त्याला उशीर झाला असेल. एकाच गाडीत, एकाच जागी, मंगळवारी तो बसला होता आणि बुधवारी मी.

---

शनिवारी त्यानं गाडी धुतली. मी पायरीवर बसून तांदूळ निवडत होते. मैथिली साबणाच्या पाण्यात थापा मारत होती.

"उद्या हिला न्यायलाच पाहिजे का?" मी म्हणाले. "घाटात गार वारा लागेल."

"वारा कसला. खाली उकडतंय."

थोड्या वेळानं मी म्हणाले, "घाटात चालवलीय ना तुम्ही याआधी?"

"चालवलीय की. कंपनीत असताना दोनदा कोकणात गेलो होतो."

"लोड घेऊन?"

"लोड नव्हता." त्यानं फडकं पिळलं. "तू काळजी करू नकोस."

मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, आता सांगेल. तो चाकापाशी उकिडवा बसला होता, पाठ माझ्याकडे. त्या पाठीकडे बघत मी वाट बघितली. मग तो उठला, आत गेला आणि गोधडी घेऊन आला. जुनी, मऊ झालेली. तिची चौपदरी घडी करून त्यानं पुढच्या सीटवर अंथरली, वर आलेल्या स्प्रिंगवर, म्हणजे मैथिलीला टोचू नये. दाबून बघितली. अजून एक घडी घातली.

विचारायला काय झालं होतं मला? पंचेचाळीस, एवढाच शब्द म्हणायचा होता. मी तांदूळ निवडत राहिले. मला त्याच्याकडून ऐकायचं होतं.

---

रविवारी सकाळी सातला सगळे चढले. फळीत सतरंजी, नारळाची पोती, दोन डबे, धनाजी, त्याची नवी बायको, थोरल्या जाऊबाई, त्यांची दोन पोरं आणि बाकी भावकी. गाडीला झेंडूच्या माळा. आत्तींनी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला हळदीकुंकू लावलं. उत्तम किल्ली हातात घेऊन उभा होता.

"चढ की गं," आत्ती मला म्हणाल्या.

"आत्ती, आधी तुम्ही एकदा आत बसा. ड्रायव्हरच्या जागी."

फळीत हशा झाला. "आत्ती चालवणार व्हय आज? मग मी उतरतो," धनाजी म्हणाला.

"हे काय काढलंस सकाळी सकाळी?"

"गाडीला नाव ठेवत नाही मी. तुम्ही फक्त मधल्या पेडलवर पाय ठेवा आणि रवळनाथाचं नाव घ्या. पन्नास वेळा."

"वृषाली, उशीर होतोय," उत्तम म्हणाला.

"पन्नास नावांना कितीसा उशीर होणार?"

"वहिनी, रिफिल..." धनाजीनं सुरुवात केली, पण या वेळी कुणी हसलं नाही. बहुतेक माझ्या तोंडाकडे बघून. आत्तींनी माझ्याकडे बघितलं, मग उत्तमकडे. देवाच्या नावाला नाही कसं म्हणणार? त्यांनी चपला काढल्या, लुगडं आवरलं आणि दांड्याला धरून वर चढल्या. अनवाणी पाय पेडलवर ठेवला.

"हा न्हवं?"

"हाच. आणि हलवू नका."

त्या बोटांच्या पेरांवर मोजत नाव घ्यायला लागल्या. ओठ हलत होते. फळीतली पोरं कठड्यावरून वाकून बघत होती. मी उत्तमकडे बघत नव्हते, पण त्याच्या हातातली किल्ली दिसत होती. ती हलत नव्हती.

तिसाच्या पुढं कुठंतरी आत्तींचे ओठ थांबले. त्यांनी खाली आपल्या पावलाकडे बघितलं. पाऊल उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा नाव घ्यायला लागल्या. या वेळी मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू येत होतं. पस्तीसला थांबल्या.

"उत्तम, हे काय हाय?"

"आई, ते जुन्या गाडीचं..."

"माझा पाय तळाला गेलाय. तुला ठावं होतं?"

तो आईकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"होतं," तो म्हणाला.

फळीतून आधी थोरल्या जाऊबाई उतरल्या. मग त्यांनी हात वर करून एकेक पोर खाली घेतलं. धनाजीच्या बायकोनं डबे खाली दिले. सतरंजी गुंडाळल्याचा तेवढा आवाज झाला.

आत्ती उतरल्या, चपला पायात सरकवल्या.

"देव कुठं पळून जात न्हाई," त्या म्हणाल्या. "दस्तगीरला बोलवा. पेटी घिऊन ये म्हणावं. मी बोलवलंय म्हणावं."

मिस्त्री आले तेव्हा नवा सदरा घालून आले होते, जणू कुणाच्या घरी जेवायला आले असावेत. अंगणाच्या कडेला पेटी घेऊन थांबले. आत्तींनीच पुढं होऊन म्हटलं, "ये. खोल ती." काम दीड तासाचं झालं. रबर खरंच गेलेला होता, कडा चावल्यासारखी झाली होती. मिस्त्रींनी तो आत्तींच्या हातावर ठेवून दाखवला. आत्तींनी त्यांना स्वतः चहा आणून दिला. बाकीची माणसं नारळ घेऊन गावातल्याच रवळनाथाला चालत गेली. जाताना धनाजीनं उत्तमच्या पाठीवर थाप मारली.

"बायकोनं वाचवलं रे तुला. आमालाबी." आणि मग बायकोला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आईला आणि पोरीला घिऊन निघाला होता बघ, ब्रेक नसलेल्या गाडीत."

उत्तमनं मान हलवली. हे वाक्य पुढं महिनाभर गावात फिरत होतं. काजूवाल्यांपर्यंत गेलं. दोघांनी त्याला पहिला माल दिला नाही.

---

दुपार उतरल्यावर अंगण रिकामं झालं. मैथिली आत आत्तींजवळ झोपली होती. उत्तम पायरीवर बसला होता. मी त्याच्याशेजारी बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"मला एकट्याला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"दोन दिवस वाट बघितली."

"मिस्त्री बोलले?"

"मी विचारायला गेले होते."

त्यानं पायरीवरचा झेंडू उचलला, पाकळ्या काढत बसला. "गाडी घाटात जाणारच नव्हती," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं.

"आंबोलीच्या नाक्यावर चहाला थांबणार होतो. तिथवर चढच आहे, ब्रेकचं काम नाही. बॅटरीची वायर शनिवारीच सैल करून ठेवलीय. तुम्ही चहाला उतरलात की काढून ठेवायची. सेल लागला नसता, गाडी चालूच झाली नसती. मग सगळ्यांना एसटीनं खाली पाठवलं असतं. येताना गाडी घेऊन आलो असतो, एकटा. आईचा शब्दही राहिला असता, तुमचे जीवही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या तोंडावर दिसलं असतं. आईनं ओळखलं असतं." हातातला देठ टाकून तो म्हणाला, "आणि तू झोपली नसतीस."

"झोपले नव्हतेच."

"माहीत आहे. मी जागाच होतो."

अंगणात गाडी उभी होती, माळा अजून तशाच. आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो.

"पटत नाही ना?" त्यानं विचारलं.

"पटलं की," मी म्हणाले.

तो उठला. अंगाला तेलाचा वास येत होता, सकाळी मिस्त्रींच्या हाताखाली होता. कोनाड्यातून साबण घेऊन न्हाणीत गेला. न्हाणी अंगणाच्या कडेलाच आहे, गाडीपासून पंधरा पावलांवर. तांब्यानं पाणी घ्यायचा आवाज यायला लागला.

मी चपला न घालता गाडीपाशी गेले. खटका ओढला, बॉनेट वर केलं, दांडी लावली. बॅटरी उजव्या अंगाला होती. दोन वायरी, एकीवर गंज चढलेला आणि ती घट्ट. दुसरीचा नट दोन-अडीच फेरे वर आलेला, खालचे आटे स्वच्छ, चकाकते. मी वायरीला बोट लावलं. ती हातात आली.

ती वायर हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग जागेवर बसवली आणि नट बोटांनी फिरवला, बोटांनी जेवढा फिरतो तेवढा. पान्याची पेटी मिस्त्री घेऊन गेले होते.

त्याला आता बारा वर्षं झाली. मी बघितलं, वायर सैल होती, हे मी उत्तमला आजवर सांगितलेलं नाही. सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की मी बघायला गेले होते.

दांडी काढली आणि बॉनेट खाली घेतलं. वीतभर राहिलं तिथं ते अडलं. मी वरून दाबलं, दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन. जाईना. त्या गाडीचं बॉनेट हळू बंद होतच नाही. उंच उचलून आपटावं लागतं. उघडं ठेवलं असतं तर त्यानं बाहेर येऊन बघितलंच असतं.

मी उचललं आणि आपटलं.

न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मी गाडीवर हात ठेवून तशीच उभी होते. मग तांब्या पुन्हा बादलीत बुडाला.